अकरा मिनिटांचा पक्षी

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.१०
नवी वही, नवा पेन, नवी थंडी. या हिवाळ्यात आपण माणूस म्हणून बदलायचं असं ठरवलं आहे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

आज बागेत आमच्या मंडळाची सभा झाली. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मास्तर (शाळेत भूगोल शिकवायचा, आता नुसता गुणगुणतो). कॅप्टन (सैन्याशी काडीचा संबंध नाही, अकरा वर्षं ऑफिसच्या बॅडमिंटन टीमचा कॅप्टन होता, ते अजून उतरलेलं नाही). डॉक्टरबाई (गुरांच्या). आणि मी. टाइल्सच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस. एकही फरशी उलटून बघितल्याशिवाय पास केली नाही. हे मी सभेत सांगितलं. कॅप्टन म्हणाला, दर सभेत सांगतोस.

ठरलं असं, की हिवाळाभर प्रत्येकाने एकेक विषय सांभाळायचा. मास्तरकडे संगीत, कॅप्टनकडे खेळ. मला भाषा हवी होती, पण निसर्ग कोणी घेईना. खरं तर तो डॉक्टरबाईंचा. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून निसर्ग पाहिलाय, आता मी फक्त चहाला येणार. म्हणून निसर्ग माझ्या गळ्यात. भाषेचा एक नियम मात्र मी मांडून पास करून घेतला. बागेतल्या बॅडमिंटन कोर्टवर इंग्रजी बंद. बोलेल त्याने बागेला एक फेरी मारायची.

उद्यापासून पहाटे साडेपाचला उठणे. (आज ७.२०. गजर वाजला असावा. घड्याळ उशीखाली होतं.)

३ डिसेंबर
७.०५ ला उठलो. प्रगती आहे.

भाषेच्या नियमाची अंमलबजावणी सुरू. शटलला फूल, नेटला जाळी, आउटला बाहेर. कॅप्टनला शून्य फेऱ्या, मास्तरला एक. मला दहा. त्यातल्या तीन ‘सॉरी’च्या, आणि एक ‘माय गॉड’ची, तीही सहावी फेरी मारून कोर्टवर परतताना तोंडून गेलेली. नियम करणाऱ्याला थोडी सवलत असावी असं सुचवून पाहिलं, तर ‘सजेशन’ शब्दाबद्दल अकरावी फेरी.

पाय सुजलेत. भाषेची सेवा म्हणजे कष्ट आलेच.

५ डिसेंबर, सकाळी ८
महत्त्वाची नोंद. धुक्यात एक अनोळखी पक्षी ऐकला. बागेच्या पूर्वेकडच्या पायवाटेवर. चिऊंक, चिऊंक, चिऊंक. अगदी ठेक्यात, संथ. दिसला नाही. लाजाळू असणार. पक्ष्यांचं पुस्तक आणलंय ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, पण पुस्तकात आवाज ऐकू येत नाही ही त्या पुस्तकाची मोठी उणीव आहे. माझा अंदाज, थंडीसाठी दूरवरून आलेला पाहुणा.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, झाडावरून की जमिनीवरून? म्हटलं, खालून. किती खालून? घोट्याच्या उंचीवरून म्हणा ना. त्या बरं म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. माझ्याकडे बघणं मात्र चारा न खाणाऱ्या वासराकडे बघावं तसं होतं. तज्ज्ञांना नवखा पुढे गेलेला आवडत नाही.

कॅप्टनने नवे बूट घेतलेत. पांढरे. त्याला विचारलं तर त्याने काहीच ऐकलं नव्हतं. चालताना कानात कापूस घालतो.

८ डिसेंबर
आज मास्तरने एक मोठं काम विश्वासाने माझ्यावर टाकलं. मन भरून आलं.

त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली. ती कधी कोणासमोर गायली नाही. वीस वर्षं मी त्यांच्या घरी जात होतो, एक सूर ऐकला नाही. पण तीस वर्षांपूर्वी तिने स्वयंपाकघरात बसून एका कॅसेटवर एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. एकच. मास्तरचं मशीन बंद पडलंय. माझा टेपरेकॉर्डर अजून टुणटुणीत आहे, कारण मी वस्तू सांभाळतो. कॅसेट रुमालात बांधून आणली होती. पंधरा फेब्रुवारीला त्याला पंच्याहत्तर पूर्ण होतात, त्या दिवशी आपल्या चौघांत ते ऐकायचं म्हणतो. तोवर फोनवर कॉपी करून ठेव म्हणाला, फीत जुनी आहे. मी म्हटलं, शनिवारपर्यंत झालीच समज.

अजून एक. सोळा जानेवारीला त्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगी दूर, तिला कळवलेलंसुद्धा नाही. मी म्हटलं, विचारायची गोष्ट आहे का? मी नेणार, मी आणणार. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहीत दोनदा अधोरेखित करतो.

९ डिसेंबर
कॅसेट रुमालातून काढून रेकॉर्डरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. कॉपी आज नाही. असल्या कामाला डोकं शांत लागतं.

११ डिसेंबर
आजही नाही. नाक चोंदलेलं. (नाकाचा कॉपीशी संबंध काय, असं बायको म्हणाली. बारकावे सगळ्यांना कळत नाहीत.)

१३ डिसेंबर, शनिवार
कॉपी राहिली, पण त्याहून मोठं काम केलं! सुचलं, की पक्षी दिसत नाही तर निदान त्याचा आवाज पकडावा. ड्रॉवरमधून एक कोरी कॅसेट घेतली (लेबल नाही म्हणजे कोरी, इतकं सोपं), टेपरेकॉर्डर काखेत मारला आणि बागेत झुडपामागे बसलो. अकरा मिनिटं रेकॉर्डिंग. तारीख, हवामान, सगळं सुरुवातीलाच तोंडाने सांगितलं. पक्षी तीनदा ओरडला! चौथ्यांदा नक्की दिसला असता, पण तेवढ्यात कॅप्टन त्याच पायवाटेने आला आणि पक्षी गप्प झाला. त्याच्यावर ओरडलो. इंग्रजीत, पण कोर्टबाहेर.

१७ डिसेंबर
मास्तरने विचारलं, कॉपी झाली का रे? म्हटलं, सुरू आहे. मनातून सुरू आहेच.

१८ डिसेंबर, दुपारी ४
घोटाळा झालाय. माझ्या हातून.

कॉपी करायला बसलो. ड्रॉवर उघडला. रुमाल होता, आत काही नव्हतं. पलीकडे माझी कोरी कॅसेट, वेष्टनासकट, न फोडलेली. मग शनिवारी मी वापरली ती कुठली? ती अजून टेपरेकॉर्डरमध्येच होती. बाहेर काढली. मागे लेबल. निळ्या शाईत, बारीक अक्षरात. तिचं अक्षर मी ओळखतो.

होती तशीच परत आत घातली. रीवाइंड केली. बटण दाबलं. आज तेरा डिसेंबर, हवा कोरडी, मी स्वतः बोलतोय. मग माझा खोकला. बंद केलं. पुढे ऐकवेना.

काय केलं मी हे.

१९ डिसेंबर
ठरवलं, आजच सांगून टाकायचं. सरळ. गेलो. धुकं इतकं दाट होतं की मास्तरचा चेहरा दिसेना, आणि असली गोष्ट चेहरा बघून सांगावी. उद्या.

२० डिसेंबर
चेहरा स्पष्ट दिसत होता. पण त्याने माझ्यासाठी घरून टोस्ट आणले होते, दोन जास्तीचे. टोस्ट खाताना कसं सांगणार? खाऊन झाल्यावर तर त्याहून वाईट दिसलं असतं. तो काहीतरी गुणगुणत होता. तेच गाणं असेल का? विचारायची हिंमत झाली नाही.

२२ डिसेंबर
बागेत गेलो नाही. बायकोला सांगितलं गुडघा दुखतो. सांगितल्यावर खरंच दुखायला लागला, म्हणजे खोटं नव्हतं.

खिडकीतून बागेतल्या झाडांचे फक्त शेंडेच दिसतात. पानं सगळी झडलीत. झाडांचं बरं आहे, वर्षातून एकदा सगळं टाकून मोकळी होतात.

२७ डिसेंबर
शांतपणे विचार केला. तपासनीस म्हणून. कारखान्यात माल फुटला की आम्ही जबाबदारी टक्क्यांत वाटायचो. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची बारीक टिकली असते. ती मोडून टाकली की त्यावर नवं रेकॉर्डिंग होत नाही. इतकी मौल्यवान फीत, आणि टिकली मोडली नव्हती! कॅसेट काढून नीट पाहिलं. एक टिकली मोडकी आहे, ती जुनेपणाने गळली असेल. पण दुसरी शाबूत. ही मास्तरची हयगय. तेव्हा : मास्तर ३०, धुकं १० (मूड गेला होता), मी ६०.

साठ टक्के तरी माझं मान्य करतोय. कितीजण करतील?

तरी जेवण गेलं नाही.

१ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. एक, आजच मास्तरला सांगणे. दोन, साडेपाचला उठणे. तीन, रोजचं इंग्रजी कमी करणे.

सायंकाळी ६ : पहिल्याच दिवशी कोणाचं वर्ष खराब करायचं, हे बरं नव्हे. बाकी दोन्हींची सुरुवात मंडे. सोमवार.

५ जानेवारी
कल्पना सुचली. मास्तरच्या बायकोने गायलेलं गाणं तेच असेल जे तो गुणगुणतो. चाल मला पाठ आहे. बारीक आवाज काढून आपणच का गाऊ नये? फीत जुनी, खरखर असणारच, मास्तरचा कानही आता तितकासा नाही. बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली, तिथे आवाज घुमतो. तिसऱ्या ओळीला बायकोने दार वाजवून विचारलं, अहो, पडलात का?

कल्पना रद्द. आणि कळलं, की मी मित्राला त्याच्या मेलेल्या बायकोच्या आवाजात फसवायला निघालो होतो. हे वहीत लिहायलाही लाज वाटते. पण खरं लिहायचं ठरलंय.

१० जानेवारी
उद्या बागेची डबल्सची स्पर्धा. मी आणि मास्तर जोडी, हे कॅप्टनने डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं. मास्तरचा फोन आला. गुडघ्याचं सांगितलं. तो म्हणाला, मग राहू दे रे, गुडघा महत्त्वाचा. इतका चांगला का वागतो हा?

११ जानेवारी, रविवार
बघायला गेलो. भिंतीच्या आडून, मफलर नाकापर्यंत. मास्तर कॅप्टनबरोबर खेळला. २१-३ हरले. डाव्या बाजूने येणारं फूल मास्तरला दिसतच नाही, दरवेळी हवेत बॅट फिरवून माफ कर म्हणायचा. शुद्ध मराठीत. मी असतो तर डावी बाजू मी घेतली असती. आमचं तसं ठरलेलंच होतं.

निघताना डॉक्टरबाई समोर. विचारलं, कुठला गुडघा? डावा म्हणालो. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. हात उजव्या गुडघ्यावर होता.

१५ जानेवारी
उद्या मास्तरचं ऑपरेशन. सातला त्याच्या दारात. दोन गजर लावले. कपडे खुर्चीवर. टॅक्सीत सांगून टाकणार.

दुपारी : ऑपरेशनआधी सांगणं योग्य नाही, बीपी वाढेल. नंतर सांगणार.

सायंकाळी : नंतर तर डोळ्याला पट्टी असेल. रडू आलं तर डोळा बिघडेल. मग कधी? आणि न सांगता दोन तास त्याच्या शेजारी बसायचं तरी कसं? तो कॅसेटचं विचारणारच.

१६ जानेवारी, सकाळी ६.३०
उठलो! गजराच्या आधी. बूट घालून तयार.

६.५०
बूट घालून बसलोय.

७.००
अंग कोमट वाटतं. थर्मामीटर लावला. ९८.९.

७.०५
चहा घेऊन पुन्हा लावला. ९९.४. हा तापच. ऑपरेशनच्या माणसाजवळ तापाच्या माणसाने जाणं म्हणजे गुन्हा. मी स्वतः फोन केला. बायकोला करायला सांगितलं नाही, एवढं धैर्य दाखवलं. तो म्हणाला, बरं, झोपून राहा, काळजी घे.

दुपारी २
झोपून राहिलो. बूट काढायचे राहिले होते. कॅप्टन गेला असेलच बरोबर. जातोच तो.

२४ जानेवारी
बायको मास्तरला बघून आली. सूप घेऊन गेली होती. ऑपरेशन चांगलं झालंय. म्हणाली, त्यांनी तुमचा ताप उतरला का विचारलं. आणि मग, तुमच्यात काय झालंय मला माहीत नाही, पण जे असेल ते एकदा जाऊन बोला.

मी पेपर वाचत होतो. उलटा होता हे नंतर कळलं.

१ फेब्रुवारी, रविवार
मास्तर घरी आला! न कळवता. मी दाढी करत होतो. आतून कडी लावली आणि चाळीस मिनिटं आतच बसलो. दाढी दोनदा झाली, गाल सोलवटलाय. तो दिवाणखान्यात बसून बायकोशी बोलत होता. नव्या डोळ्याने त्याला आमच्या भिंतीवरचे डाग दिसले म्हणे, आणि ते बघून तो खूश झाला. जाताना म्हणाला, कॅप्टनने मशीन दुरुस्त करून आणलंय, कॅसेट द्या. बायकोने ड्रॉवर उघडून दिली. रुमालाशिवाय.

मला विचारायला हवं होतं. जबाबदारी पुन्हा वाटावी लागेल. बायको २०, मास्तर ३०, धुकं १०, मी ४०.

आता तो ऐकेल. आज नाही तर उद्या. फोन वाजला की बायकोला उचलायला सांगतो.

६ फेब्रुवारी
फोन आला नाही. म्हणजे पंधरा तारखेसाठी राखून ठेवली आहे. सगळ्यांसमोर लावणार. सगळ्यांसमोर माझा खोकला.

तोंडी जमणार नाही. लेखी निवेदन द्यायचं ठरवलं.

१४ फेब्रुवारी
निवेदन पूर्ण. पक्क्या शाईत चार पानं. घटनाक्रम, टिकलीची तांत्रिक बाजू, टक्केवारी, शेवटी माफी. माफीला दोन ओळी उरल्या, अक्षर बारीक करावं लागलं. उद्या पाचचं बोलावणं आहे, चारलाच जाणार. मास्तर एकटा असताना हातात देणार. वाचून त्याने हाकलून दिलं तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण जाणार.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
कालचं क्रमाने लिहितो.

चारला पोचलो. कॅप्टन आणि डॉक्टरबाई आधीच हजर, मदतीला म्हणून. दार मास्तरने उघडलं. चष्मा नव्हता. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, म्हातारा झालास की रे, मला इतके दिवस कोणी सांगितलंच नाही. मी खिशात हात घातला. तो म्हणाला, ते कागद-बिगद नंतर, आधी हा प्लग लाव, मला वाकायला मनाई आहे. प्लग लावला. त्याने कॅसेट आत घातली.

मी उभाच राहिलो. म्हणालो, मास्तर, थांब. त्यात ती नाहीये. मी पुसली तिला.

चार पानांचं काम दोन वाक्यांत झालं. डॉक्टरबाई कपात बघत होत्या.

मास्तर म्हणाला, बस. आणि बटण दाबलं.

आधी खरखर. मग नळाचं पाणी. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. आणि मग ती गायला लागली. साधा आवाज, थोडा दबलेला, शेजारी ऐकतील अशा भीतीने असतो तसा. मध्येच थांबून, अहो, गॅस बारीक करा, म्हणाली आणि सोडलं तिथून पुन्हा उचललं. मास्तरचा हात त्या शब्दांबरोबर उगाच जरा पुढे गेला. मी रडलो. चांगलाच रडलो. डोळे पुसायला खिशातून काढला तो रुमालही त्याचाच निघाला.

गाणं संपलं. मास्तरने कॅसेट काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरून सावकाश उलटली, वर्गात पृथ्वीचा गोल फिरवत असेल तशी. एका बाजूला लेबल. दुसऱ्या बाजूला काही नाही. पुन्हा उलटली. लेबल.

दोन बाजू. कॅसेटला दोन बाजू असतात. मला माहीत आहे. जन्मभर माहीत आहे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, किती वर्षं होता हो तुम्ही टाइल्सच्या कारखान्यात? मी म्हटलं, एकतीस. एकही फरशी, असं कॅप्टनने सुरू केलं आणि पुढचं वाक्य तिघांनी मिळून पूर्ण केलं. हसले. मग मीही हसलो, जरा उशिरा.

टिकलीचंही कळलं. तिने गायली त्या दिवशीच आपल्या बाजूची टिकली मोडून टाकली होती, पुसलं जाऊ नये म्हणून. दुसरी तशीच ठेवली. मास्तरला म्हणाली होती, ही बाजू तुमची. तो म्हणाला, काय गावं हे ठरवता ठरवता सव्वीस वर्षं गेली, मग तीच गेली. कोरीच राहिली होती ती बाजू. तू भरलीस. मी म्हटलं, पुसून देतो. तो म्हणाला, हात लावू नकोस आता.

मग माझी बाजू लावली. अकरा मिनिटं पूर्ण. हवामान, खोकला, तीन शिंका, आणि एका ठिकाणी मी पक्ष्याला उद्देशून, ये ना रे राजा, असं म्हणालोय ते आठवतही नव्हतं. मग चिऊंक, चिऊंक, चिऊंक. डॉक्टरबाईंनी कॅप्टनला सांगितलं, जरा दारापर्यंत चालून या. कॅप्टन त्याच्या पांढऱ्या बुटांत चालून आला. डाव्या पायाचा बूट. दूरवरून आलेला पाहुणा. डॉक्टरबाईंना पाच डिसेंबरलाच समजलं होतं. म्हणाल्या, तुम्ही इतके आनंदात होता, मोडवेना.

इथवर सगळं छान. इथेच थांबलं असतं तर मी आज सुटलो असतो.

मग मी कप विसळत होतो आणि मास्तर पुसत होता. दोघंच. त्याने कपाकडे बघतच विचारलं, ताप खरा होता का रे? मी म्हटलं, नव्याण्णव. पॉइंट चार. चहानंतर. तो हसला नाही. मी म्हटलं, कॅप्टन होता ना बरोबर? तो म्हणाला, कॅप्टन लेकीकडे गेला होता, मी एकटाच गेलो. फॉर्मवर सोबत कोण असा रकाना होता. नर्सने त्यात आधीच तुझं नाव लिहून घेतलं होतं, ते खोडलं आणि लिहिलं, कोणी नाही. मग दोन तास बाकावर. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला तसंही धुकंच. कोणाची पावलं वाजली की वाटायचं, तू आलास. ताप उतरल्यावर येशील असं वाटलं. तू तसा आहेस ना.

चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. पुढचा कप घेतला आणि पुसायला लागला.

घरी येऊन चार पानं काढली. सोळा जानेवारीबद्दल त्यात एक ओळ नाही. उलटूनही पाहिली.

पुसलं नव्हतं ते पुसलं म्हणून मी साठ दिवस झुरलो, आणि जे खरंच केलं त्याची नोंद ‘झोपून राहिलो’. शंभर टक्के. वाटायला कोणी नाही.

१८ फेब्रुवारी
मास्तरकडे गेलो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सत्तावीसला आहे. मी नेतो म्हटलं. तो म्हणाला, ये की. पण कॅप्टनला सांगून ठेवलंय, टॅक्सीही त्यानेच ठरवलीय. अगदी सहज म्हणाला. त्याचं बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी
उद्या सकाळी सहाला मास्तरच्या दारात. ताप मोजणार नाही. थर्मामीटर बायकोकडे देऊन टाकला. तिने तो कपाटात ठेवला आणि किल्ली लावली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३
४.४० ला उठलो. ४.४०! सहाला पाच कमी असताना दारात. हवेत अजून गारवा, पण एका झाडाला कोवळी पालवी दिसली. (निसर्गाची नोंद. खात्रीची. हात लावून पाहिली, मागूनही.) कॅप्टन आला, चिऊंक चिऊंक करत. बुटाला तेल घालतो म्हणत होता, मास्तरने घालू दिलं नाही म्हणे.

टॅक्सीत मी पुढे बसलो. हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरताना नर्सने विचारलं, सोबत कोण? कॅप्टन तोंड उघडणार एवढ्यात मी माझं नाव सांगितलं. जरा जोरात सांगितलं, दोन पेशंट दचकले. तिने लिहून घेतलं. मास्तर आत गेला. कॅप्टन चहाला खाली गेला, मी गेलो नाही. खांबामागे एकच बाक रिकामा होता, तिथे ताठ बसलो. ठरवलं, तो दारातून बाहेर येईल तेव्हा त्याला पहिला दिसणार तो मी. पापणीसुद्धा लववायची नाही.

पुढचं आठवतं ते कॅप्टनने खांदा हलवल्यानंतरचं.

मास्तर माझ्या शेजारी बसला होता. उजव्या डोळ्याला पट्टी, हातात औषधांची पिशवी, माझा मफलर नीट घडी करून मांडीवर. किती वेळ? कॅप्टन म्हणाला, अर्धा तास झाला, हा उठवूच देत नव्हता. मी सॉरी म्हणालो. कोणी फेरी दिली नाही.

मास्तर म्हणाला, शोधावं नाही लागलं. दार उघडलं आणि घोरणं ऐकू आलं.

फॉर्मवर माझं नाव आहे. झोपलो, पण तिथे झोपलो.